पाटीवर नाव नव्हतं

ज्या बँडची एकही तबकडी निघाली नाही, ज्याचं स्वतःचं म्हणावं असं गाणं नव्हतं आणि जो जेमतेम दीड वर्ष टिकला, त्याच्यावरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची म्हणजे लग्नाला न गेलेल्या माणसानं पंगतीचं वर्णन करण्यासारखं आहे. मी त्या पंगतीला नव्हतो. पुढच्या पानांत ज्यांच्या आठवणी आहेत ती मंडळी होती. त्यामुळे माझं काम मी एवढंच मानलं आहे की, या लोकांना जे ठाऊकच होतं आणि म्हणून सांगावंसं वाटलं नाही, ते मराठी वाचकाला आधी सांगून टाकायचं. त्यात चार गोष्टी माझ्या पदरच्या येतील, त्या चालवून घ्याव्यात.

बिशप्स कासल हे इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं, वेल्सच्या हद्दीला टेकलेलं चढणीवरचं छोटं गाव. गावात 'थ्री टन्स' नावाचा पब आहे आणि त्याला लागून बिअर बनवण्याची जागा. तिथल्या परवान्याचं साल 1642 सांगतात. आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा बारा वर्षांचे होते. 1999च्या जुलैमध्ये या पबात पाच जणांच्या एका बँडनं पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. ड्रमवर अँडी एडवर्ड्स, बेसवर पॉल वेटन, कीबोर्डवर पॉल टिमथी, गिटारवर केव्हिन गॅमंड. पाचवा गायक. पुढच्याच महिन्यात त्याला एक्कावन्न पूर्ण होणार होती, डोक्यावर कुरळ्या केसांचा भारा अजून शाबूत होता. बँडचं नाव 'प्रायरी ऑफ ब्रायन'. गायकाचं नाव रॉबर्ट प्लांट, पण ते सुरुवातीच्या जाहिरातींत कुठं छापलेलं नसायचं. ज्याला कळायचं त्याला कानोकानी कळायचं.

हे नाव न छापणं म्हणजे काय, हे समजायला एकच आकडा पुरे आहे. 30 एप्रिल 1977 रोजी अमेरिकेत पाँटिअॅक गावच्या सिल्व्हरडोम या छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये लेड झेपेलिन वाजवायला उभे राहिले, तेव्हा समोर 76,229 माणसं होती. एकाच बँडसाठी बंदिस्त जागेत एवढी गर्दी तोवर कधी जमली नव्हती. त्या गर्दीला आपल्या आवाजावर खेळवणारा हा माणूस. बावीस वर्षांनी तोच माणूस पबच्या एका कडेला उभा राहून गातो, आणि ऐकणाऱ्याच्या हातातला ग्लास त्याच्या कोपराला लागेल इतकी जागा अडचणीची. आठवणी सांगणाऱ्यांना हे अंतर फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते साहजिक आहे. मला मात्र वाटतं की अंतर ही या गोष्टीतली वरवरची गंमत आहे. खरी गोष्ट तो काय गात होता, ही आहे.

त्याआधी तो तिथं आला कसा, ते थोडक्यात. 25 सप्टेंबर 1980 रोजी ड्रमर जॉन बॉनम वारला, वय बत्तीस. त्याच वर्षी 4 डिसेंबरला उरलेल्या तिघांनी निवेदन काढून लेड झेपेलिन थांबवलं. पुढची चौदा वर्षं प्लांट एकटा गात राहिला. 1994 साली गिटारवादक जिमी पेजबरोबर पुन्हा जमलं, जुन्या गाण्यांना मोरोक्कन आणि इजिप्शियन वाद्यांची जोड देऊन 'नो क्वार्टर' झालं, आणि 1998 साली नव्या गाण्यांचा 'वॉकिंग इन्टू क्लार्क्सडेल'. त्याबरोबर मोठमोठ्या सभागृहांतून जगभर दौरा. पेजची पुढं चालायची तयारी होती. प्लांटची नव्हती. दौरा संपला, तो घरी परतला. त्याचं घर म्हणजे मिडलंड्स आणि वेल्सची सीमा. 1970 साली पेजबरोबर डोंगरातल्या ज्या वीज नसलेल्या झोपडीत, ब्रॉन-ई-आर नावाच्या, त्यानं गाणी रचली होती ती याच मुलखात. लंडन किंवा लॉस एंजेलिस त्याला कधीच पुरतं मानवलं नसावं, असं त्याच्या एकंदर वागण्यावरून दिसतं.

घराजवळच किडरमिन्स्टर. तिथल्या कॉलेजात संगीत शिकवणारा केव्हिन गॅमंड त्याचा जुना मित्र. किती जुना? लेड झेपेलिनच्या आधीचा. 1968च्या सुरुवातीला 'बँड ऑफ जॉय' नावाचा जो बँड होता त्यात प्लांट गात होता, गॅमंड गिटार वाजवत होता आणि ड्रमवर होता तोच जॉन बॉनम. तिघंही विशीत न पोचलेले किंवा नुकते पोचलेले. पोटासाठी प्लांटनं वेस्ट ब्रॉमविचच्या रस्त्यावर डांबर घातलेलं आहे. या पोरांचं एकच वेड होतं: कॅलिफोर्नियातून येणाऱ्या तबकड्या. लव्ह, मोबी ग्रेप, बफेलो स्प्रिंगफील्ड, जेफर्सन एअरप्लेन. बर्मिंगहॅमच्या आसपासच्या नाचायला आलेल्या लोकांना सोल संगीत हवं असायचं, आणि ही पोरं त्यांना सॅन फ्रान्सिस्कोची गाणी ऐकवायची. बँड बुडाला यात नवल नाही. प्लांट मग 'हॉब्सट्वीडल' नावाच्या दुसऱ्या बँडमध्ये गेला, तिथंही तीच गाणी. त्या बँडबरोबर वॉल्सॉलच्या एका अध्यापक महाविद्यालयात गात असताना जिमी पेज त्याला ऐकायला आला आणि पुढचं सगळं जगाला माहीत आहे. पण एक बाब पुष्कळदा निसटते. पेजनं ज्या मुलाला निवडलं, तो त्या संध्याकाळी दुसऱ्यांचीच गाणी गात होता.

प्रायरी ऑफ ब्रायनची यादी हीच होती. एकतीस वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी वाट फुटली, त्या ठिकाणी माणूस परत जाऊन उभा राहिला आणि दुसऱ्या वाटेकडे बघू लागला.

नावाबद्दलही दोन शब्द. ख्रिस्ताच्या काळातल्या ब्रायन नावाच्या भलत्याच माणसाला लोक प्रेषित समजून बसतात आणि बिचाऱ्याला पळता भुई थोडी होते, असा मॉंटी पायथन मंडळींचा 1979चा सिनेमा आहे. 'प्रायरी ऑफ सायन' नावाच्या एका कथित गुप्त पंथाभोवतीही त्या काळात बरीच पुस्तकी धूळ उडाली होती. दोन्हींची खिचडी करून हे नाव झालं. ज्याला तीस वर्षं लोकांनी देव मानून छळलं त्यानं ब्रायनच्या नावानं मठ काढावा, ही थट्टा मला फार आवडते. शिवाय याला जुना धागा आहे: याच पायथन मंडळींच्या 1975च्या 'होली ग्रेल' सिनेमासाठी ज्यांनी पैसे घातले त्यांत लेड झेपेलिनही होते.

आता गाण्यांकडे. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

लव्ह या बँडचा प्रमुख आर्थर ली. कृष्णवर्णीय, लॉस एंजेलिसचा, विक्षिप्त, अफाट प्रतिभेचा. 1967 साली त्याचा 'फॉरएव्हर चेंजेस' आला. अमेरिकेत फारसा खपला नाही, इंग्लंडमध्ये मात्र काही पोरांनी तो पाठ केला. त्यांतला एक प्लांट. प्रायरी जेव्हा इंग्लंड-वेल्सच्या छोट्या जागांतून लव्हची गाणी वाजवत होती, तेव्हा आर्थर ली कुठं होता? कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात. बंदुकीच्या गुन्ह्यात 1996 साली त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली होती. सुटला तो डिसेंबर 2001मध्ये. म्हणजे आपलं गाणं श्रॉपशरच्या पबात कोणी गातं आहे याचा त्याला पत्ता असण्याचं कारण नव्हतं. पुढं 2006 साली ली रक्ताच्या कर्करोगानं आजारी पडला, उपचारांसाठी पैसे जमवायला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये मैफल झाली, त्यात प्लांटनं लव्हची गाणी म्हटली. ती त्यानं तालीम म्हणून कुठं घोटली होती, हे या पुस्तकातल्या लोकांना ठाऊक आहे. ली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला.

मोबी ग्रेपचा स्किप स्पेन्स. हा तर आणखी करुण. मानसिक आजारानं आयुष्य उसवलेलं, 1969 साली एकट्यानं केलेला 'ओर' हा एकच अल्बम, तोही त्या वेळी कोणी विकत न घेतलेला. एप्रिल 1999मध्ये, त्रेपन्नाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, तो वारला. त्याच्या सन्मानार्थ इतर कलावंतांनी त्याची गाणी गायलेला अल्बम त्याच जुलैत बाजारात आला, आणि त्यातलं पहिलंच गाणं प्लांटचं होतं. ज्या महिन्यात हा अल्बम निघाला त्याच महिन्यात प्लांट 'थ्री टन्स'मध्ये उभा राहिला. याला मी योगायोग म्हणायला तयार नाही. गेलेल्या माणसाचं श्राद्ध घालावं, तसं त्या वर्षी त्याच्या मनात ही सगळी माणसं घर करून बसली असणार.

टिम हार्डिन 1980च्या डिसेंबरात, प्लांट लेड झेपेलिनला निरोप देत होता त्याच महिन्यात, अमली पदार्थांनी गेला. टिम बकली त्याच्या पाच वर्षं आधी, अठ्ठाविसाव्या वर्षी. यांची गाणी यादीत होती. जिवंत असलेल्यांत बॉनी डॉब्सन ही कॅनडाची लोकगायिका. अणुयुद्धानंतरच्या उजाड सकाळीवर तिनं 1960च्या दशकाच्या आरंभी रचलेलं गाणं प्रायरी वाजवायची. या बाईंच्या शेजारी उभं राहून ते गाणं म्हणायची संधी प्लांटला मिळायला 2013 उजाडावं लागलं, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये.

यादीतली बहुतेक नावं ही अशी: मागं पडलेली, वेडी झालेली, वेळेआधी गेलेली माणसं. लेड झेपेलिनच्या गाजलेल्या गाण्यांना त्यात जागा नव्हती. एखाद्याला वाटेल की हा हट्ट आहे. पण विचार करा, त्या काळी प्रत्येक मोठ्या मंचावर त्याच्याकडून लोकांना हवं होतं ते त्याचंच विशीतलं रूप. छोट्या खोलीत त्याला मोकळीक मिळाली ती स्वतःचं सोडून दुसऱ्या कोणाचं तरी कौतुक करायची. चाहता असणं ही गोष्ट प्रसिद्ध माणसाला परवडत नाही. लोक सतत त्याचे चाहते असतात, त्याला कोणाचा होता येत नाही. दीड वर्ष प्लांटनं ती चैन केली. म्हणूनच पुढच्या आठवणी वाचताना मला सारखं वाटत राहिलं की त्या खोलीत समोरासमोर उभे असलेले सगळेच एका बाजूचे होते. ऐकणारे त्याचे चाहते, तो आर्थर लीचा.

इथं 'कव्हर' या शब्दाचा विचार करायला हवा, कारण मराठी वाचकाच्या मनात याची एक वेगळीच पेटी उघडते. दुसऱ्यांची गाणी म्हणणारा म्हणजे ऑर्केस्ट्रातला. गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा गावच्या जत्रेत रफी, किशोर, आशा यांची गाणी हुबेहूब म्हणणारा. "आवाज अगदी तसाच लागला" ही त्याची सर्वांत मोठी पावती, आणि "स्वतःचं काही नाही" हा सर्वांत मोठा आरोप. 'ऑर्केस्ट्रात गातो' हे आपण ज्या सुरात म्हणतो त्या सुरात इंग्लंडमध्ये 'कव्हर बँड' म्हणतात. पण आपल्याकडं याच्या शेजारीच दुसरी रीतही आहे. भीमसेन जोशींनी सदारंगांची बंदिश गायली तर ती कोणाची, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. बंदिश सदारंगांची, गाणं भीमसेनांचं. पाश्चात्त्य रॉकमध्ये 1960च्या दशकात 'गाणाऱ्यानंच लिहायचं' हा दंडक रूढ झाला आणि त्यात ही दुसरी रीत हरवली. प्लांटचं गाणं मी जेवढं ऐकलं आहे त्यावरून मी त्याला बंदिश गाणाऱ्यांच्या बाजूला बसवीन. 1968-69मध्ये लेड झेपेलिन गार्नेट मिम्सचं एक सोल गाणं घ्यायचे आणि त्यात तीन-चार दुसरी गाणी मिसळून वीस वीस मिनिटं आळवायचे. तेच गाणं प्रायरीच्या यादीतही होतं. मुखडा हाती धरून बाकी सगळं त्या रात्रीवर सोडून द्यायचं, हा त्याचा जुना स्वभाव.

माझ्याकडं प्रायरीच्या एका मैफलीची सीडी आहे. इंग्लंडला स्थायिक झालेल्या एका पुणेकर मित्रानं कॉपी करून पाठवलेली. मागं उभं राहून कोणीतरी खिशातल्या यंत्रावर मुद्रित केलेलं दिसतं, त्यामुळे गाण्यापेक्षा गर्दीच जास्त. बेसचा आवाज भिंतीतून आल्यासारखा. एका गाण्यात तर सबंध कडवं कोणाच्या तरी खोकल्याखाली गेलं आहे. ऐकताना राग यायला हवा, पण येत नाही. मी लेड झेपेलिन ऐकायला लागलो तो काळा घोड्याच्या र्‍हिदम हाऊसमधून आणलेल्या कॅसेटींवर, आणि त्या कॅसेटींतला प्लांट हा डोंगरावरून ओरडणारा प्राणी होता. या सीडीतला तसा नाही. उंच सूर तो जपून लावतो, खालच्या पट्टीत आवाज भरदार आणि थोडा खरखरीत झाला आहे, आणि दोन गाण्यांमध्ये तो गप्पा मारतो. पुढच्या काळातला प्लांट, गायिका अॅलिसन क्राउसच्या शेजारी हळुवार गाणारा, तो मला या खराब ध्वनिमुद्रणात पहिल्यांदा भेटला.

छोट्या जागेची ओढ त्याला एकदम पन्नाशीत लागली नाही. 1971च्या मार्चमध्ये, म्हणजे तीन अल्बम गाजून गेल्यावर, लेड झेपेलिननं मुद्दाम इंग्लंड-आयर्लंडच्या लहान सभागृहांचा आणि क्लबांचा दौरा काढला, तिकिटं जुन्या दरानं. त्या दौऱ्यात 5 मार्चला बेलफास्टला एक नवं, लांबलचक गाणं त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर म्हटलं. 'स्टेअरवे टू हेवन'. पुढं ज्या गाण्याच्या फर्माइशीनं प्लांटला नकोसं केलं, ते जन्मलं होतं छोट्या दौऱ्यातच. दौरा फसला असंच म्हणावं लागेल: ज्यांना तिकीट मिळालं नाही ते चिडले, आणि बँड पुन्हा स्टेडियमांकडं वळला.

दुसरा प्रयत्न 1981चा. बॉनम जाऊन काही महिने झाले होते. प्लांटनं स्थानिक मित्र गोळा करून 'द हनीड्रिपर्स' काढला आणि जुनी ऱ्हिदम अँड ब्लूज गाणी घेऊन मिडलंड्सच्या नि उत्तरेच्या क्लबांतून वाजवत फिरला. दुःखातून बाहेर येण्याची ती त्याची पद्धत होती असं मी समजतो. काही महिन्यांत बँड मिटला. इथवर प्रायरीचीच गोष्ट. पण 1984मध्ये अॅटलांटिक कंपनीचे अहमत एर्तेगुन यांच्या आग्रहानं तेच नाव पुन्हा वापरून पाच गाण्यांची तबकडी निघाली, त्यात जिमी पेज, जेफ बेक, नाइल रॉजर्स असे मातब्बर, आणि 1959 सालच्या एका प्रेमगीताची नवी आवृत्ती अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेली. आज हनीड्रिपर्स म्हटलं की सगळ्यांना ते गुळगुळीत प्रेमगीत आठवतं. क्लबांतून घामाघूम होऊन वाजवणारा बँड त्याखाली गाडला गेला. प्रायरीची तबकडी निघाली नाही, हे वाचून हळहळणाऱ्यांनी हनीड्रिपर्सकडं एकदा बघावं. तबकडी आठवणीला टिकवते हे खरं, पण ती आठवणीच्या जागी स्वतःच बसते हेही खरं.

आणि एक प्रयत्न मुंबईतला. हा मराठी वाचकाला सांगितला नाही तर प्रस्तावना अपुरी राहील. 1972च्या ऑक्टोबरात जपानचा दौरा आटपून पेज आणि प्लांट मुंबईत उतरले. इथल्या वादकांना घेऊन तबला-सारंगीच्या साथीत त्यांनी आपली दोन गाणी मुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं. पण त्याच मुक्कामात ते दोघं कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या चिंचोळ्या डिस्कोथेकमध्ये गेले आणि तिथल्या स्थानिक बँडांची वाद्यं मागून घेऊन, मुंबईच्याच पोरांच्या साथीनं, एका रात्री वाजवून गेले. त्या रात्रीची हकिकत नंदू भेंडे यांनी लिहून ठेवली आहे. नंदू म्हणजे आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव. पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त गाजलेले, आणि त्याआधी मुंबईच्या रॉक बँडांतून इंग्रजी गाणी म्हणणारे. त्या काळचे मुंबईचे बहुतेक बँड कव्हर बँडच होते. दुसरं काही असण्याची फारशी सोय नव्हती. तबकड्या परदेशातून कोणी आणल्या तर मिळायच्या, गिटारच्या तारांची मारामार, अॅम्प्लिफायर घरी जोडलेले. म्हणजे दृश्य असं की ज्यांची गाणी ही पोरं रोज कान टवकारून उतरवून घेत होती, तेच दोघं यांच्या मोडक्या वाद्यांवर यांच्याच खोलीत वाजवत आहेत. 'थ्री टन्स'च्या सत्तावीस वर्षं आधी हे कुलाब्यात होऊन गेलं. नंदू भेंडे 2014 साली गेले. ते असते तर ही प्रस्तावना त्यांनी लिहायला हवी होती.

एवढं कौतुक केल्यावर एक किंतु मांडतो. ज्याच्याकडं सगळं आहे त्यानं साधेपणानं राहणं वेगळं आणि ज्याच्याकडं दुसरा पर्याय नाही त्यानं राहणं वेगळं. पबात वाजवणारे हजारो बँड इंग्लंडमध्ये आहेत. त्यांच्यासाठी ती नामानिराळी मौज नसते, शनिवारची कमाई असते. प्लांटला कधीही परत जायला मोठं घर होतं. नाव न छापण्याचं ऐश्वर्य त्यालाच शोभतं ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. आणि ते नाव फार काळ झाकून राहिलंही नाही. 2000 साली प्रायरी युरोपात जाऊ लागली, जागा मोठ्या झाल्या, जाहिरातीत प्लांटचं नाव ठळक आलं. आठवणी सांगणारे 1999बद्दल ज्या जिव्हाळ्यानं बोलतात त्या जिव्हाळ्यानं 2000बद्दल बोलत नाहीत, हे पुढं तुमच्या लक्षात येईलच.

उरलेल्या चौघांचं काय, हाही प्रश्न मला सुटत नाही. त्या वर्षाच्या अखेरीला बँड थांबला. 2001 साली प्लांटनं 'स्ट्रेंज सेन्सेशन' हा नवा ताफा जमवला, जस्टिन अॅडम्ससारखे वादक घेतले, आणि 2002 साली 'ड्रीमलँड' काढला. पबांतून घोटलेली गाणी त्यात आहेत: बॉनी डॉब्सनचं, टिम बकलीचं, जेसी कॉलिन यंगचं. अल्बम उत्तम आहे. पण गॅमंड, वेटन, टिमथी आणि एडवर्ड्स त्यात नाहीत. 2010 साली तर प्लांटनं 'बँड ऑफ जॉय' हे मूळ नावसुद्धा पुन्हा वापरलं, नॅशव्हिलचे वादक घेऊन. यात कोणाचा दोष दाखवायचा नाही. संगीतात असंच चालतं. तंबोरा लावून देणारा वेगळा, टाळ्या घेणारा वेगळा. तरी किडरमिन्स्टरच्या त्या शिक्षकाची गिटार एकाही अधिकृत तबकडीवर या गाण्यांच्या साथीला नसावी, याची रुखरुख लागते. माझ्या सीडीत ती आहे. खोकल्याच्या पलीकडं, पण आहे.

प्लांटचं पुढचं आयुष्य सांगत बसत नाही, ते सर्वश्रुत आहे. 10 डिसेंबर 2007ला लंडनच्या ओटू सभागृहात लेड झेपेलिन एका रात्रीपुरते एकत्र आले, जगभरातून तिकिटांसाठी झुंबड उडाली, आणि दुसऱ्या दिवसापासून 'आता दौरा कधी' हे टुमणं सुरू झालं. त्यानं ऐकलं नाही. अॅलिसन क्राउसबरोबरच्या 'रेझिंग सँड'ला 2009 साली पाच ग्रॅमी मिळाले. तोही जवळजवळ सगळा दुसऱ्यांच्या गाण्यांचा. 2019 साली सत्तरी ओलांडल्यावर त्यानं पुन्हा वेल्सच्या सीमेवरचीच मंडळी जमवून, सूझी डायन या गायिकेबरोबर, 'सेव्हिंग ग्रेस' नावानं छोट्या सभागृहांतून गायला सुरुवात केली. सुरुवातीला पुन्हा तोच प्रकार, गाजावाजा नाही. 2025मध्ये त्यांचा अल्बम आला. त्यात मोबी ग्रेपचं एक गाणं आहे.

पुढं ज्या आठवणी आहेत त्यांचा क्रम तारखेनुसार नाही, आणि काही ठिकाणी एकाच मैफलीबद्दल दोघांचं म्हणणं जुळत नाही. कोणाला पहिलं गाणं एक आठवतं, कोणाला दुसरं. ते मी आग्रहानं तसंच ठेवायला सांगितलं. माझ्या मित्राच्या सीडीवरून निवाडा करता आला असता, पण मग पुस्तकाची गरज काय होती?

पान उलटण्याआधी एक काम करा. 'फॉरएव्हर चेंजेस' मिळवून ऐका. आता मोबाइलवर सहज मिळतो. आम्ही त्यासाठी वर्षं घालवली. त्यात अकरा गाणी आहेत. दुसरं आणि दहावं प्रायरीच्या यादीत होतं. दोन्ही दोनदा ऐका, दुसऱ्यांदा ऐकताना खोलीतला दिवा घालवा, आणि मग पहिल्या आठवणीला सुरुवात करा.